ठिबक की तुषार? कार्टूनमधला रडणारा मुलगा आणि पाचवीचा एक वर्ग

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातलं एक गाव, तिथली सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा आणि तिथला पाचवीचा वर्ग. गावाचं, मुलांचं, शिक्षकांचं नाव या टिपणात मुद्दाम दिलेलं नाही. प्रश्न एका मुलाच्या टोपणनावापासून सुरू झाला आणि त्यातून चार शनिवारांचं काम उभं राहिलं. ते काम कसं आखलं, त्यात काय फसलं आणि का फसलं, हे इथे सविस्तर मांडलं आहे. अशी टोपणनावं बहुतेक शाळांत असतात आणि त्यावर पहिल्यांदा सुचणारा उपायही बहुधा पुढे सांगितलेलाच चुकीचा उपाय असतो.

काय घडलं

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एका दहा वर्षांच्या मुलाच्या घरचा बैल विकला गेला. जोडीतला दुसरा वर्षभरापूर्वीच गेला होता आणि एकट्या बैलाला चारा घालणं परवडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परिपाठात दिनविशेष वाचायची पाळी याच मुलाची होती. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज अडकला आणि तो रडायला लागला. रांगेतून आवाज आला, "हाऊ ते नोबिता से!" सगळी रांग हसली. त्या दिवसापासून त्याचं नाव नोबिता पडलं.

पंधरा दिवसांत तो मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर यायचा थांबला. खिचडीच्या रांगेत शेवटी उभा राहायचा आणि ताट घेऊन वर्गात परत यायचा. वर्गशिक्षिकेने वडिलांना बोलावलं, तेव्हा त्यांचं म्हणणं सरळ होतं : "मॅडम, पोऱ्याले जरा कडक करा. घरमा बी असाच करस."

या वडिलांना कठोर म्हणणं अन्यायाचं होईल. खान्देशात चार वर्षांच्या पोराला घरात आप्पा, नाना, बापू, आबा अशी मोठ्या माणसाची हाक मारायची पद्धत आहे. त्यात माया असते आणि अपेक्षाही असते. ज्याला चौथ्या वर्षी नाना म्हटलं, त्याने दहाव्या वर्षी चारचौघांत रडू नये, असं घर धरून चालतं. बैल विकताना वडील स्वतः रडले नव्हते, हेही त्याच बोलण्यात आलं.

नोबिता हे नाव मुलांना शोधावं लागलं नाही. डोरेमॉनची चित्रकथा जपानमध्ये १९६९ साली सुरू झाली आणि भारतात ती टीव्हीवर २००५ पासून दिसते. या वर्गातल्या मुलांच्या थोरल्या भावांनीही तीच पाहिली आहे. नोबिता अभ्यासात मागे आहे, दांडगट जियानचा मार खातो, रडत घरी पळत येतो आणि डोरेमॉन या यंत्रमांजराकडे एखादं यंत्र मागतो. रडणाऱ्या मुलासाठी या पिढीकडे तयार शब्द आहे आणि तो कार्टूनने दिलेला आहे. म्हणूनच हे प्रकरण वर्गातल्या चिडवाचिडवीवर संपत नाही. मुलांच्या चित्रपटांत पुरुष कसा रेखाटला जातो, तिथपर्यंत ते जातं.

पहिला उपाय आणि त्याचा उलटा परिणाम

शाळेने ठरवलं, मुलांना शूर नायकाचा चित्रपट दाखवायचा. २००८ पासून टीव्हीवर असलेल्या छोटा भीमचा एक पूर्ण लांबीचा चित्रपट शनिवारी सकाळच्या शाळेत दाखवला आणि शेवटी दहा मिनिटं 'भीमासारखे शूर बना' असं सांगितलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत नवा खेळ सुरू झाला. भीम कोण, राजू कोण, कालिया कोण, हे वाटून घेताना या मुलाला चुटकी केलं. तोवर त्याची तुलना एका रडक्या मुलाशी होत होती, आता थेट मुलीशी झाली. आणि मुलीचं नाव ही शिक्षा ठरल्यामुळे वर्गातल्या मुलींचाही अपमान झाला. त्या अर्थातच चिडल्या, पण चिडल्या त्या मुलावर.

असं का झालं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण भीम हे पात्र वाईट नाही. तो दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, मित्रांना सोडत नाही, दांडगाई करणारा कालिया आहे. अडचण कथेच्या बांधणीत आहे. तिथला पेच शेवटी लाडू खाऊन आणि ठोसा मारून सुटतो. भीमाचा दयाळूपणा मधल्या प्रसंगांत विखुरलेला असतो. ठोसा मात्र शेवटी येतो, संगीतासकट येतो आणि संथ गतीत दिसतो. मुलांच्या लक्षात राहतं ते शेवटचं. ज्या लाडवाने बळ येतं तो चुटकीच्या आईच्या दुकानातला असतो, पण खेळात लाडू करणारी भूमिका कोणी मागत नाही. नंतरची दहा मिनिटांची शिकवण या बांधणीपुढे टिकत नाही, मग ती कितीही मनापासून केलेली असो.

यानंतर कार्टून बंद करण्याचाही विचार झाला. घरोघरी मोबाइल आहे. तो विचार दोन दिवसांत मागे पडला.

आखणी बदलली

नव्या आखणीचा पाया एका निर्णयावर होता. पूर्ण चित्रपट दाखवायचा नाही आणि चित्रपट चांगला की वाईट हे ठरवायचं नाही. दीड ते तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्यायचा, ज्यात एखादा मुलगा किंवा पुरुष घाबरतो, रडतो किंवा हरतो. तो प्रसंग दोनदा पाहायचा : पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा आवाजासह.

आवाज आधी बंद का? पार्श्वसंगीत मुलांना काय वाटायला हवं ते सांगून टाकतं. हसण्याचं संगीत लागलं की रडणारं पात्र विनोदी होतं आणि मुलं चित्राकडे बघणंच सोडतात. शिवाय हिंदी डबिंगमध्ये आवाजाचा चढउतार पुष्कळदा मूळ चित्रापेक्षा भडक असतो. आवाज बंद केल्यावर मुलं चेहऱ्याकडे आणि अंगाच्या ठेवणीकडे बघतात.

तासिका पस्तीस मिनिटांची. त्यात पाहणं सहा मिनिटं, तक्ता भरणं आठ मिनिटं, गटात बोलणं दहा मिनिटं आणि उरलेला वेळ वर्गाचा. दोनपेक्षा जास्त प्रसंग एका दिवशी घेतले की दुसऱ्याची चर्चा पहिल्यात मिसळते. म्हणून एक, फार तर दोन.

सामानाचं थोडक्यात. शाळेचा टीव्ही भिंतीवर होता आणि समोरच्या खिडकीमुळे दुपारी त्यात चेहरेच दिसत नसत, म्हणून सकाळची वेळ आणि खिडकीला गोणपाट. लाइटचा भरवसा नाही, नेटचाही नाही, तेव्हा प्रसंग आदल्या दिवशी तयार हवा आणि तो नेमका कितव्या मिनिटाला सुरू होतो ते कागदावर लिहिलेलं हवं. शोधण्यात पाच मिनिटं गेली की वर्ग हातातून गेला. वर्गात चित्रपट दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुढेच चित्रपट दाखवायला सवलत आहे. गावाला बोलावून पडद्यावर दाखवलं तर ही सवलत लागू होत नाही.

तक्ता

पहिल्या शनिवारचा तक्ता नऊ रकान्यांचा होता आणि तो पूर्ण फसला. मुलं प्रसंग बघायचं सोडून रकाने भरत होती. त्यातला एक रकाना 'हे योग्य की अयोग्य' असा होता. मॅडमला काय हवं आहे ते मुलांना बरोबर कळतं, त्यामुळे सगळ्यांनी 'रडणे योग्य आहे' असं लिहिलं आणि बाहेर जाऊन पुन्हा नोबिता म्हणून हाक मारली. दुसऱ्या शनिवारपासून चारच रकाने ठेवले :

कोण रडलं किंवा घाबरलं?
अश्रू कसे काढले आहेत?
तेव्हा बाजूला कोण होतं आणि त्याने काय केलं?
लगेच पुढे काय झालं?

यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला. तो आला तोही एका चुकीतून. पहिल्या दिवशी नोबिताचा प्रसंग लागताच एका मुलाने मागे वळून या मुलाकडे बोट दाखवलं. मॅडम त्याच्यावर ओरडल्या आणि वर्ग गप्प झाला. पण त्या शांततेत सगळे त्या मुलाकडेच बघत होते. रडणारा हाच विषय ठेवला तर रडणाऱ्यावरची नजर हटत नाही. प्रश्न बाजूला उभ्या असलेल्याचा केला की प्रत्येकाला आपली जागा शोधावी लागते, कारण रांगेत हसलेले सगळे बाजूलाच उभे होते.

गट पाच-पाचांचे आणि मुलं-मुली मिसळून. इथे दुसरी अडचण लगेच दिसली : बोलायचं काम मुलांनी घेतलं आणि लिहायचं मुलींकडे गेलं. दर शनिवारी लेखनिक बदलायचा नियम केला आणि नाव फळ्यावर लिहिलं, तेव्हा ते सुटलं. मुलांच्या अक्षराची तक्रार पुढे दोन आठवडे चालली, ती चालू द्यावी.

अश्रूंचे दोन प्रकार

दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते मुलांना कळत नव्हतं. दोन प्रसंग लागोपाठ दाखवल्यावर कळलं. पहिला डोरेमॉनच्या एका भागातला : नोबिता डोळे मिटून, तोंड वासून रडतो आहे आणि दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या कमानी बाहेर पडत आहेत. दुसरा 'द लायन किंग' या १९९४ सालच्या चित्रपटातला : सिंहाचा छावा सिंबा मेलेल्या वडिलांना ढकलून बघतो, कान ओढतो, मदतीला हाका मारतो आणि शेवटी त्यांच्या पंज्याखाली शिरून झोपतो.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पहिलं तुषार आहे आणि हे ठिबक."

केळीच्या पट्ट्यातल्या मुलांना याहून नेमका शब्द सापडला नसता. केळीला ठिबक असतं, नळीला ठरावीक अंतरावर ड्रिपर आणि थेंब पडतो तो मुळाशी. गहू-हरभऱ्याला तुषार, चारी बाजूंना उडणारा. वर्गाने शब्द उचलला आणि पुढचे सगळे तक्ते याच दोन शब्दांत भरले गेले. तुषारवर हसू येतं, ठिबकवर येत नाही, हे दोन मिनिटांत सगळ्यांनी मान्य केलं. मग खरा प्रश्न आला : हे कोण ठरवतं?

इथे चित्रपट बनवण्याची माहिती उपयोगी पडते आणि ती मुलांना द्यायलाच हवी. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी जातात. मोठ्या खर्चाच्या हाताने काढलेल्या चित्रपटांत एक चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, आणि वेगवान हालचालीला पूर्ण २४. टीव्हीवरच्या जपानी मालिकांत एक चित्र बहुधा तीन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला ८. दर आठवड्याला भाग द्यायचा असतो, तेव्हा चित्रं वाचवावी लागतात. पाण्याच्या कमानी दोन-तीन चित्रांत होतात आणि तीच चित्रं फिरवत ठेवली की पात्र हवं तितका वेळ रडतं. चेहऱ्यावर वेगळं काही काढावं लागत नाही. संथ थेंबासाठी मात्र पापणी हलायला हवी, ओठ आवळायला हवा, मान किंचित खाली यायला हवी, आणि मधे काहीच न हलणारा क्षण हवा. हे महाग काम आहे.

म्हणजे नोबिताचं रडणं हास्यास्पद दिसतं त्यामागे थोडी चित्रकथेची जुनी खूण आहे, थोडा खर्चाचा हिशेब आहे, आणि थोडी ही समजूत की रडणाऱ्या मुलावर प्रेक्षक हसणारच. नोबिताची मैत्रीण शिझुकासुद्धा कधी तुषारने रडते, हे मुलींनी लगेच दाखवून दिलं. मुलगा म्हणजे तुषार आणि मुलगी म्हणजे ठिबक असा सोपा नियम निघत नाही, आणि शिक्षकाने तो ओढूनताणून काढू नये. निघतं ते एवढंच : कार्टूनमधला अश्रू आपोआप पडत नाही. कोणीतरी बसून तो कसा पडावा हे ठरवलेलं असतं.

तिसऱ्या रकान्यात सिंबाच्या प्रसंगाने वर्ग हादरला. त्याच्या बाजूला येतो तो काका, स्कार. तो जवळ घेतल्यासारखं करतो, हे तुझ्यामुळे झालं असं मनात भरवतो आणि पळून जा, परत येऊ नकोस असं सांगतो. चौथ्या रकान्यात एका गटाने लिहिलं : 'मग तो मोठा होईपर्यंत कोणालाच सांगत नाही.' हे निरीक्षण मोठ्यांच्या समीक्षेतही क्वचित इतकं थेट येतं.

एक सावधगिरी मात्र राहून गेली होती. वर्गातल्या एका मुलीचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. ती प्रसंग पाहून बाहेर गेली आणि परत आली नाही. वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग दाखवण्याआधी हजेरीपट घेऊन एकेका नावावर विचार करायचा, अशा मुलाच्या घरी आधी बोलायचं आणि त्याला दुसरं काम घेऊन बसायची मोकळीक द्यायची. हे आधी करायचं काम आहे, नंतर दिलगिरी व्यक्त करून भागत नाही.

अंगाची ठेवण

तिसरा शनिवार शरीरावर दिला. 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) मधला गॅस्टन पिळदार दंड, रुंद छाती आणि केसाळ अंगाची जाहिरात करत गाणं म्हणतो, गावातले पुरुष त्याला डोक्यावर घेतात, आणि तोच त्या कथेचा खलनायक आहे. मुलांना हा प्रसंग आवडला, पण चर्चा जमली नाही. दुष्ट माणूस पिळदार असला तर मुलं म्हणतात, तो दुष्ट होता म्हणून वाईट, दंडाचा काय संबंध. त्यांचं बरोबर आहे.

जमली ती 'हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन' (२०१०) वर. ड्रॅगन मारणाऱ्यांच्या गावातला हिकप काटकुळा आहे आणि वडील स्टोइक म्हणजे गावाचा मुखी, दाराएवढा रुंद. चित्रकाराने दोघांना एकाच चौकटीत उभं केलं की बोलण्याआधीच निकाल लागलेला असतो. गॉबर नावाचा लोहार हिकपला सांगतो की ड्रॅगन मारायचे असतील तर हे सगळं बदलावं लागेल, आणि 'हे' म्हणताना त्याच्या पूर्ण अंगाकडे हात करतो. हिकप म्हणतो, तुम्ही तर सगळ्या माझ्याकडेच हात केलात. पुढे तो ड्रॅगनला मारत नाही. त्याचं कारण तो नंतर सांगतो : ड्रॅगन त्याच्याइतकाच घाबरलेला दिसला. आणि शेवटी, एक पाय गमावल्यावर, हिकप घराबाहेर येतो तेव्हा वडील स्टोइकच त्याच्याकडे तसाच हात करून सांगतात की आपल्याला हेच थोडं जास्त हवं होतं.

हाताची तीच हालचाल, पण अर्थ उलटा. हे दोन प्रसंग जोडून दाखवले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. एका मुलाने विचारलं, "मग त्याच्या वडिलांना कधी कळलं?" हा प्रश्न फळ्यावर आठवडाभर ठेवला. त्याच गटातल्या मुलीचं उत्तर होतं की पाय गेल्यावर कळलं, आणि ते उशिरा होतं.

याच शनिवारी, माणसाच्या डोक्यातल्या भावनाच जिथे पात्रं आहेत त्या 'इनसाइड आउट' (२०१५) मधला जेवणाच्या टेबलाचा प्रसंगही घेतला होता. आईच्या डोक्यात कारभार दुःखाच्या हातात आहे आणि बाबांच्या डोक्यात रागाच्या, तिथे तर सगळ्या भावनांना मिशा आहेत. प्रसंग उत्तम आहे, पण त्यावर 'तुमच्या वडिलांच्या डोक्यात कोण बसलंय' असा प्रश्न वर्गात विचारू नये. इथे तो विचारला गेला आणि दोन मुलांनी जे सांगितलं ते चाळीस कानांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. असं काही बाहेर आलं तर वर्गात पुढे काही न विचारता मुलाशी एकट्याने बोलावं, मुख्याध्यापकांना सांगावं आणि गरज असेल तर बालमदतीचा १०९८ हा क्रमांक वापरावा.

त्याच नोबिताचा दुसरा प्रसंग

चौथ्या शनिवारी 'स्टँड बाय मी डोरेमॉन' (२०१४) मधले दोन प्रसंग. पहिल्यात डोरेमॉन जाणार आहे आणि आपली काळजी न करता तो सुखाने जावा म्हणून नोबिता एकटाच जियानशी भिडतो, मार खातो, पण सोडत नाही, शेवटी जियानच कंटाळून माघार घेतो. दुसऱ्यात मोठ्या झालेल्या शिझुकाच्या लग्नाची आदली रात्र आहे. ती वडिलांशी बोलते आहे आणि वडील तिला सांगतात की नोबिता दुसऱ्याच्या सुखात आनंद मानतो आणि दुसऱ्याच्या दुःखात दुःखी होतो, माणसात हेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून तिची निवड योग्य आहे.

मुलांनी पहिला प्रसंग उचलला : बघा, शेवटी नोबितापण मर्द झाला. मुलींच्या बाजूने उत्तर आलं की तो जिंकायला गेलाच नव्हता, डोरेमॉनला काळजी वाटू नये म्हणून गेला होता. वाद वाढला आणि शिक्षिकेने तो सोडवला नाही, हे चांगलं केलं. कारण दोन्ही म्हणणी चित्रपटात खरंच आहेत. त्या चित्रपटालाही नोबिताला मान देण्याआधी एकदा मारामारीतून न्यावं लागलं आहे. रडणाऱ्या मुलाला रडणारा म्हणूनच मान द्यायची हिंमत मुलांच्या चित्रपटांत अजून कमी आहे, असं आमचं मत आहे. तिथवर 'कोको' (२०१७) जातो : मिगेल पणजीसमोर बसून रडत रडत गातो आणि कोणी हसत नाही.

फ्लिपबुक

बघण्याइतकंच करून पाहणं महत्त्वाचं होतं, म्हणून शेवटच्या दोन शनिवारांत प्रत्येकाने २४ पानांचं फ्लिपबुक केलं, म्हणजे पानं अंगठ्याने झरझर सोडली की चित्र हलताना दिसतं अशी छोटी वही. जाड कागद, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा, सगळी पानं एकाच मापाने कापलेली. डाव्या बाजूला तीन सेंटिमीटर जागा बांधणीसाठी सोडायची, चित्र उजव्या कडेला काढायचं, कारण अंगठ्याखाली तेवढंच दिसतं. सुरुवात शेवटच्या पानापासून करायची. त्यावर पुढचं पान ठेवलं की खालचं चित्र पुसट दिसतं आणि गिरवता येतं. काम स्केचपेनने, पेन्सिल दिसत नाही. बांधायला मोठी काळी क्लिप.

चुका ठरलेल्या. पानं लहान-मोठी कापली की अंगठ्यातून दोन-दोन सुटतात आणि थेंब उडी मारतो. गिरवलं नाही की डोकं नाचतं. कागद फार जाड घेतला की खालचं दिसत नाही आणि फार पातळ घेतला की पान सुटत नाही.

तुषार काढणाऱ्यांचं काम लवकर झालं, तीन चित्रं आलटून पालटून. ठिबक काढणाऱ्यांना कळलं की थेंब खाली येताना चेहरा तसाच राहायला हवा, म्हणजे तोच चेहरा चोवीस वेळा न हलवता गिरवायचा. जो मुलगा परिपाठात सगळ्यात आधी हसला होता, तो दोन दिवस एकाच डोळ्यावर बसून होता.

पालक

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांची बैठक झाली. तिथे मर्दानगी हा शब्द वापरला नाही, कारण त्या शब्दाबरोबर पुरुष पालक हाताची घडी घालून बसतात. बोलणं साने गुरुजींपासून सुरू केलं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिकवलेले, वसतिगृहातल्या मुलांचं आईसारखं केलेले, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं लिहून घेतलेले आणि १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसलेले गुरुजी. डोळ्यांत पाणी येतं हे त्यांनी कधी लपवलं नाही आणि त्यांना कडक करा असं कोणाला सुचलं नाही. खान्देशात हे नाव परकं नाही. दूरच्या सिंहा-ड्रॅगनपेक्षा पालकांना ते जवळचं वाटलं. मग मुलांनी तक्त्याचे चार रकाने समजावले आणि पालकांनी एक प्रसंग पाहून तो भरला. तिसऱ्या रकान्यापाशी बरेच जण थांबले.

नोबिता ही हाक पूर्ण बंद झालेली नाही. खो-खोच्या मैदानावर सहावीतली मुलं अजून मारतात. त्यांनी हे तास पाहिलेले नाहीत आणि पाचवीपुरतं काम करणं ही आखणीतलीच कसर होती. पाचवीत आता कोणी नोबिता म्हटलं तर बहुधा लगेच विचारलं जातं, "मग तू जियान का?" मुलगा खिचडी बाहेर बसून खातो, पण दोन ठरलेल्या मित्रांबरोबरच.

त्याचं फ्लिपबुक शाळेच्या फळ्यावर लावलेलं नाही. बैठकीनंतर वडिलांनी ते मागून नेलं. त्यात नोबिता नाही, बैलाचा डोळा आहे. थेंब अकराव्या पानावर पापणीच्या कडेला येतो आणि चोविसाव्या पानापर्यंत तिथेच असतो. पुढची तेरा पानं त्याने तोच डोळा, तोच थेंब, जराही न हलवता गिरवला आहे.